वाचकांचे प्रश्न : वाडग्याचे बूड आणि व्हॅक्यूम चक

प्रश्न : मी चार वर्षांपासून लेथवर, म्हणजे लाकूड फिरवत कातण्याच्या यंत्रावर, लाकडी वाडगे करतो. वाडगा आतून पुरा झाला की चकने (लेथवर वस्तू धरून फिरवणाऱ्या पकडीने) धरण्यासाठी बुडाशी ठेवलेला गोल उंचवटा काढून तळ साफ करायचा असतो, आणि माझे काम तिथेच अडते. त्यासाठी व्हॅक्यूम चकचा, म्हणजे हवा उपसून वाडगा धरणाऱ्या चकचा, तयार संच विकत घ्यावा की घरी बांधावा? माझ्याकडे जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर पडून आहे. तो पंप म्हणून चालेल का?

उत्तर : हा चक वस्तू कशाच्या जोरावर धरतो ते आधी पाहू, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर अवलंबून आहेत. चक वाडग्याला ओढून धरतो असे आपण सहज म्हणतो, पण प्रत्यक्षात आतली हवा काढून घेतली की बाहेरची हवा वाडग्याला चकवर दाबून धरते. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर उंच स्तंभाइतका, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १.०३ किलो असतो, आणि पंप कितीही भारी घेतला तरी याहून अधिक जोर तो आणू शकत नाही. आपण १,५०० मीटर उंचीवर राहत असाल तर यातला सुमारे सहावा हिस्सा आधीच वजा होतो. मग आपल्या हातात उरते ते क्षेत्रफळ. निर्वात मोजणाऱ्या गेजवर ५०० मिलिमीटर, म्हणजे सुमारे २० इंच, दिसत असताना ७.५ सेंटिमीटर व्यासाचा चक साधारण ३० किलोच्या जोराने धरतो, १० सेंटिमीटरचा ५३ किलोच्या, १५ सेंटिमीटरचा १२० किलोच्या आणि २० सेंटिमीटरचा २१३ किलोच्या. व्यास दुप्पट झाला की पकड चौपट होते. ज्या वाडग्यात १५ सेंटिमीटरचा चक सहज बसला असता तिथे १० सेंटिमीटरचा लावायचा आणि पकड कमी पडली म्हणून पंप बदलायचा, ही चूक मी अनेकांना करताना पाहिली आहे.

आता पंपाकडे वळू. पंप घेताना बहुतेक जण तो हवा किती खोलवर उपसतो हा आकडा पाहतात, पण आपल्या कामात त्याला फार महत्त्व नाही. लाकडातल्या सूक्ष्म नळ्यांतून हवा सतत आत झिरपत असते, त्यामुळे पंप मिनिटाला किती लिटर हवा उपसतो यावर गेजचा काटा कुठे थांबेल ते ठरते. गळती आणि उपसा जिथे समसमान होतात तिथे काटा स्थिरावतो. वाडग्यांच्या कामासाठी मिनिटाला ८५ ते १४० लिटर, म्हणजे ३ ते ५ सीएफएम (मिनिटाला घनफूट), उपसा करणारा पंप मी योग्य समजतो. मात्र पाटीवर छापलेला हा आकडा मोकळ्या हवेतला असतो. निर्वात जसजसा वाढतो तसतसा उपसा घटत जातो, म्हणून उत्पादकाचा आलेख मिळत असेल तर ५०० मिलिमीटरला किती उपसा उरतो ते अवश्य पाहावे.

या हिशेबात फ्रिजचा कॉम्प्रेसर कुठे बसतो? त्याचा पिस्टन एका फेऱ्यात ५ ते १० घनसेंटिमीटर हवा ओढतो, म्हणजे मिनिटाला फार तर १५ ते ३० लिटर. निर्वात तो उत्तम करतो, पण हळूहळू. घट्ट रंध्रांच्या, आतून फिनिश लावलेल्या लहान वाडग्याला तो पुरेल. मोठ्या किंवा भेगाळलेल्या वाडग्यावर मात्र काटा वर चढणारच नाही. शिवाय फ्रिजमध्ये त्याचे तेल नळीतून फिरून परत येते. इथे ते बाहेरच्या तोंडातून थोडे थोडे उडून जाते, आणि आत ओढलेली लाकडाची धूळ त्याच्या तेलात साचते. पद्धत शिकण्यासाठी तो जरूर वापरा, पण संच त्याच्या भरवशावर उभारू नका. एसी दुरुस्तीवाल्यांचा तेलाचा व्हॅक्यूम पंपही अनेकांना मोहात पाडतो. तो बंद नळीतली हवा एकदा उपसून काढण्यासाठी बनवलेला असतो. सतत गळती असलेल्या कामाला लावला की तेलाचे धुके कार्यशाळेत पसरू लागते, आणि ते धुके अर्धवट पॉलिश झालेल्या वाडग्यावर बसले तर पुढचे फिनिश नीट धरत नाही.

कोरडा रोटरी व्हेन पंप, ज्यात कार्बनची पाती फिरतात, तो या कामाला सर्वांत जवळचा आहे. तासन्‌तास चालावा अशीच त्याची बांधणी असते, आणि यंत्रांतून काढलेला वापरलेला पंपही चांगला निघतो. घेण्यापूर्वी मात्र त्याच्या तोंडाला गेज लावून, चालू करून पाहा. डायफ्रामचा पंप आवाज कमी करतो, पण त्याच आकारात उपसा कमी देतो. आपल्याकडे मोठा एअर कॉम्प्रेसर आधीच असेल तर व्हेंचुरी (दाबाच्या हवेच्या झोताने हवा ओढून घेणारे साधन) हा सर्वांत सोपा मार्ग आहे, कारण त्यात हलणारा एकही भाग नसतो. पण तो चालू असेपर्यंत कॉम्प्रेसर सतत हवा पुरवत राहतो आणि लहान टाकीचा कॉम्प्रेसर लवकरच दमतो.

पंप आणि चक यांच्यामधला दुवा म्हणजे फिरता अडॅप्टर. स्पिंडल (लेथचा फिरता दांडा) फिरते, नळी फिरता कामा नये, आणि सांध्यातून हवा शिरता कामा नये, या तीन अटी त्याला एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. घरी करायचा तर हेडस्टॉकच्या (स्पिंडल ज्यात बसते त्या लेथच्या भागाच्या) पोकळ स्पिंडलमधून आट्यांची पोकळ नळी आरपार घालतात, चकच्या बाजूला रबरी बुचाने किंवा ओ-रिंगने तिची फट बंद करतात, आणि हँडव्हीलच्या बाजूला तिच्या टोकावर एक लहान बेअरिंग बसवून त्याच्या बाहेरच्या कड्यावर नळी जोडायचे टोपण घट्ट करतात. बेअरिंग दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलेच घ्यावे. पत्र्याचे झाकण धूळ अडवते, हवा अडवत नाही. आपली स्पिंडल भरीव असेल तर तिला आरपार भोक पाडण्याचा विचार करू नये. अशा लेथवर व्हॅक्यूमचा नाद सोडून बूड साफ करण्याची दुसरी पद्धत वापरणे बरे.

विकत घ्यावे की बांधावे, याचे माझे उत्तर असे. पंप विकत घ्या. अडॅप्टर आपल्या स्पिंडलच्या मापाचा तयार मिळत असेल तर तोही घ्या, कारण हाताने केलेला अडॅप्टर जरा तिरका बसला तरी तो हलतो, आणि गळती तिथूनच सुरू होते. चक मात्र स्वतः करा. निरनिराळ्या वाडग्यांसाठी निदान तीन माप लागतात, आणि आपल्याच लेथवर, आपल्याच स्पिंडलवर कातलेला चक जितका खरा फिरतो तितका विकतचा फिरेलच असे नाही. फेसप्लेटवर (स्पिंडलवर चढणाऱ्या धातूच्या तबकडीवर) घट्ट लाकडाची किंवा एमडीएफची चकती बसवावी, तिच्यात खोबण कातून पीव्हीसीचा कपलर किंवा जाड पाइपचा तुकडा इपॉक्सीने चिकटवावा, आणि गोंद सुकल्यावर पाइपचे तोंड जागेवरच कातून गोलाईदार करावे. एमडीएफ दिसायला घट्ट असले तरी हवेला ते चाळणीसारखे असते. त्याच्या सर्व बाजूंना, अगदी मधल्या भोकाच्या आतूनही, इपॉक्सीचे दोन हात द्यावे लागतात. तोंडावर २ ते ३ मिलिमीटर जाडीचा बंद पेशींचा फोम लावावा. भांडी घासायच्या स्पंजसारखा उघड्या पेशींचा फोम हवा धरत नाही.

राहिल्या तीन लहान वस्तू. पंपाच्या आधी फिल्टर हवाच. कार्बनच्या पात्यांना लाकडाच्या धुळीएवढा शत्रू नाही. नळी जाड भिंतीची आणि आतून किमान १० मिलिमीटर मोकळी असावी, नाहीतर ती स्वतःच चपटी होते. आणि गेज लेथसमोर उभे राहिल्यावर मान न वळवता दिसेल अशा जागी लावावे. या सगळ्या संचात मी ज्याच्याशिवाय लेथ चालूच करणार नाही अशी वस्तू कोणती, तर ते गेज.

प्रश्न : मी संच बांधला. चकच्या तोंडावर ॲक्रिलिकची सपाट चकती ठेवली की गेज ६०० मिलिमीटर दाखवते, पण वाडगा लावला की काटा २३० वर येऊन थांबतो. पंप कमजोर आहे का?

उत्तर : आपण नकळत योग्य चाचणी केली आहे. चकतीवर ६०० येतात याचा अर्थ पंप, नळी, अडॅप्टर, चक आणि फोम हे सगळे ठीक आहे. उरलेले ३७० मिलिमीटर वाडगाच खातो आहे. हे उलट असते, म्हणजे चकतीवरच २३० आले असते, तर एकेक सांधा मागे मागे बंद करत जावे लागले असते : आधी चकचे मधले भोक बोटाने बंद करून, मग अडॅप्टरपाशी नळी काढून तिचे तोंड दाबून, शेवटी थेट पंपाच्या तोंडाशी. ज्या टप्प्यावर काटा एकदम वर उडी घेतो, तो आणि त्याच्या आधीचा टप्पा यांच्यामधल्या भागात गळती असते.

वाडग्यातली गळती शोधायला पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीचा तळहाताएवढा कपटा घ्या. लेथ बंद, पंप चालू. वाडग्याच्या बाहेरच्या अंगावरून कपटा हळूहळू सरकवत न्या आणि नजर गेजवर ठेवा. गळतीच्या जागी तो कपटा लाकडाला चिकटतो, सोडला तरी पडत नाही, आणि त्याच क्षणी काटा थोडा वर सरकतो. मी हे पहिल्यांदा केले तेव्हा मला भेगेत गळती सापडेल असे वाटत होते. भेगेजवळ कपटा नुसता फडफडला. चिकटला तो तीन बोटे पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते. तिथे वाडग्याच्या भिंतीत आडवे रेषे संपून नळ्यांची उघडी तोंडे वर आली होती. आडव्या रेषांच्या वाडग्यात अशा जागा समोरासमोर दोन असतात, आणि हवा सर्वांत जास्त तिथूनच शिरते. ओकसारख्या मोठ्या रंध्रांच्या लाकडात आणि बुरशीने रेघाळलेल्या लाकडात ही गळती फारच वाढते.

उपाय सोपे आहेत. आतला भाग पुरा झालेलाच असतो, म्हणून त्यावर शेलॅकचे किंवा आपण जे फिनिश देणार आहात त्याचे एक-दोन हात आधीच देऊन ते पुरते वाळू द्यावे. भेग असेल तर तिच्यात पातळ सुपरग्लू सोडावा. एवढ्याने भागले नाही तर वाडग्याच्या बाहेरून, जिथे हत्यार चालवायचे नाही त्या भागावर, स्वयंपाकघरात वापरतात ती ताणून बसणारी प्लॅस्टिकची फिल्म गुंडाळून तिची टोके टेपने पक्की करावीत. हवा तिला आत ओढते आणि ती स्वतःच भोके बंद करते. लाकूड ओले असेल तर मात्र टेप काढताना रेषे उचकटतात, तेवढे जपावे.

हे सगळे करूनही काटा ३०० च्या वर जात नसेल तर मोठ्या व्यासाचा चक लावून पाहा. ३०० मिलिमीटरला १५ सेंटिमीटरचा चक अजूनही ७२ किलोच्या जोराने धरतो, आणि टेलस्टॉक (समोरून वाडग्याला टोकाचा आधार देणारा लेथचा भाग) लावलेला असताना हलक्या कामाला तेवढा पुरतो.

प्रश्न : जेमतेम ३ मिलिमीटर भिंतीचा, २५ सेंटिमीटर व्यासाचा वाडगा फोम लावलेल्या सपाट चकतीवर पालथा धरला होता. पंप सुरू केला आणि लेथ चालू करण्यापूर्वीच वाडगा फुटून आत गेला. लाकूड खराब होते का?

उत्तर : लाकडाचा दोष नाही. वाडग्याचा काठ चकतीवर टेकला की त्याची सगळी पोकळी निर्वात होते आणि हवा त्याच्या संपूर्ण अंगावर दाब देते. २५ सेंटिमीटर व्यासाला ५०० मिलिमीटरवर हा भार ३३० किलोंच्या पुढे जातो. चार-पाच माणसे एका पातळ वाडग्यावर उभी राहिली तर काय होईल, तेच झाले. अशा वाडग्याला सपाट चकतीऐवजी आत बसणारा १० किंवा १२ सेंटिमीटरचा चक लावावा, म्हणजे भार बुडापुरता राहतो, भिंतीवर येत नाही. आणि निर्वातही कमी ठेवावा. १० सेंटिमीटरच्या चकला २५० मिलिमीटरवर २७ किलोंची पकड मिळते, आणि पातळ बुडावरून पिसासारखे काप घ्यायला ती पुरते.

हा निर्वात कमी ठेवायचा कसा, यातच आपल्या संचाची खोट असावी असे आपल्या पत्रातील आकृतीवरून वाटते. आपण झडप पंप आणि चक यांच्यामधल्या नळीतच बसवली आहे. ती अर्धी बंद केल्याने उपसा मंदावतो, पण वाडगा गळत नसेल तर थोड्या वेळाने काटा तरीही वरच्याच टोकाला पोहोचतो. झडप टी-जोडाने नळीला फुटवा काढून, बाहेरच्या हवेकडे उघडणारी हवी. ती उघडली की ठरावीक हवा मुद्दाम आत येते आणि काटा आपण म्हणू तिथे थांबतो. बारीक वाडगा लावताना ती पूर्ण उघडी ठेवून पंप सुरू करावा आणि मग काटा पाहत हलक्या हाताने बंद करत न्यावी. वाडग्यातून बारीकसा कट् असा आवाज आला तर तिथेच थांबावे. याच झडपेने काम झाल्यावर वाडगा सुटतोही, फक्त ती उघडण्यापूर्वी दुसरा हात वाडग्याखाली असावा.

प्रश्न : घरातला व्हॅक्यूम क्लीनर वापरून भागेल का?

उत्तर : मोठ्या वाडग्यांसाठी, थोड्या वेळापुरते, भागते. चांगला क्लीनर सुमारे १५० मिलिमीटरपर्यंत निर्वात करतो आणि उपसा भरपूर देतो, म्हणून गळक्या लाकडाचा त्याला त्रास नसतो. २५ सेंटिमीटरच्या चकवर हा जोर १०० किलो होतो, १० सेंटिमीटरच्या चकवर मात्र अवघा १६. खरी अडचण मोटरची आहे. अनेक क्लीनरांची मोटर त्यांनी ओढलेल्या हवेनेच थंड होते. चकने वाट बंद केली की ती काही मिनिटांत तापते. नळीत एक लहान भोक कायम उघडे ठेवावे आणि मोटरचा आवाज चढा झाला की थांबावे.

प्रश्न : व्हॅक्यूम चकवर वाडगा परत लावला की तो डगमगत फिरतो. मध्य कसा साधावा?

उत्तर : बुडाच्या उंचवट्यावर टेलस्टॉकच्या टोकाची जी खूण सुरुवातीपासून असते ती कधीही पुसू नये. वाडगा चकवर टेकवून टेलस्टॉकचे फिरते टोक त्या खुणेत बसवा, हलका दाब द्या, स्पिंडल हाताने फिरवून काठाकडे पाहा, आणि वाडगा खरा फिरतो आहे अशी खात्री झाल्यावरच पंप सुरू करा. आधी पंप सुरू केला तर वाडगा जिथे टेकला असेल तिथेच चिकटतो आणि नंतर त्याला सरकवताना फोम फाटतो.

याहून अचूक पद्धत म्हणजे टेलस्टॉकच्या फिरत्या टोकावर चक बसवणारा आट्यांचा अडॅप्टर. वाडगा पोखरून झाल्यावर तो आपल्या चार जबड्यांच्या चकमधून काढायचाच नाही. चकसकट तो स्पिंडलवरून उतरवून या अडॅप्टरवर चढवावा, टेलस्टॉक पुढे आणून वाडगा व्हॅक्यूम चकला भिडवावा, पंप सुरू करावा आणि मग जबडे सैल करावेत. वाडगा ज्या अक्षावर कातला त्याच अक्षावर राहतो. मी स्वतः आता याच पद्धतीने काम करतो, आणि पूर्वी एका वाडग्याला जी दहा मिनिटे ठोकाठोकीत जात ती वाचली.

तरीही डगमग राहिली तर लाकूड पाहा. ओले कातलेले वाडगे वाळताना लांबट होतात. काठ गोल उरलेलाच नसेल तर कोणतीही पद्धत त्याला गोल फिरवू शकणार नाही. अशा वाडग्यावर वेग कमी ठेवून बूड तेवढे साफ करावे.

प्रश्न : काम चालू असताना वीज गेली तर वाडगा अंगावर येईल का?

उत्तर : ही भीती रास्त आहे. वीज गेली की पंप आणि लेथ एकदमच बंद होतात, पण जड वाडगा काही सेकंद फिरतच राहतो आणि त्या सेकंदांत पकड सुटू शकते. पंप आणि चक यांच्यामध्ये एकमार्गी झडप आणि तिच्या पुढे, चकच्या बाजूला, ५ ते १० लिटरची निर्वात सोसणारी धातूची टाकी लावली तर पकड हळूहळू ओसरते आणि लेथ थांबायला वेळ मिळतो. किती वेळ मिळतो हे आपल्या वाडग्याच्या गळतीवर आहे, म्हणून ते मोजून पाहावे : लेथ बंद ठेवून पंप बंद करा आणि काटा अर्ध्यावर यायला किती सेकंद लागतात ते घड्याळात पाहा. लेथ थांबायला लागणाऱ्या वेळाच्या दुप्पट तरी ते असावेत.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे टेलस्टॉक शक्य तितका वेळ लावूनच ठेवावा. बुडाचा जवळजवळ सगळा भाग टेलस्टॉक जागेवर असतानाच कातता येतो. मध्ये बोटाएवढा खुंट उरला की टेलस्टॉक मागे घ्यावा, वेग उतरवावा, आणि तो खुंट धारदार गाऊजने (पन्हळीच्या आकाराच्या कातण्याच्या पटाशीने) कडेकडून मध्याकडे अशा अगदी बारीक कापांनी काढावा. व्हॅक्यूमची पकड चकच्या दिशेला मजबूत असली तरी आडव्या धक्क्याला ती केवळ फोमच्या घर्षणावर टिकून असते, त्यामुळे हत्यार एकदा अडकले तर वाडगा निसटतो. चेहऱ्यावर पूर्ण ढाल असावी, उभे राहताना वाडग्याच्या फिरण्याच्या रेषेतून बाजूला सरकून उभे राहावे, आणि टेलस्टॉक मागे घेण्यापूर्वी एकदा गेजकडे पाहावे. काटा मघापेक्षा खाली आला असेल तर टेलस्टॉक तसाच ठेवून आधी गळती शोधावी.